मीटर खोटं बोलेल, पिस्टन नाही

दुसऱ्या वर्षाला असताना मी बाबांच्या मागे लागून एक सेकंडहँड बाईक घेतली. मीटरवर 18,000 किमी, टाकी चकाचक, सीट नवीन, एका किकमध्ये स्टार्ट. अजून काय बघायचं असतं? दोन महिन्यांत सायलेन्सरमधून निळा धूर यायला लागला आणि एका रविवारी ऐन घाटात इंजिन जॅम झालं. मेस्त्रीने हेड उतरवलं, बोअरच्या आत नख फिरवलं आणि मलाही फिरवायला लावलं. वरची रिंग जिथपर्यंत येते तिथे चक्क पायरी पडली होती. गाडी लाखाच्या आसपास पळालेली आहे आणि मीटर मागे फिरवलाय, असं त्याचं मत पडलं. बाबा काहीच बोलले नाहीत. गुपचूप पैसे काढून दिले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या सेमला आय. सी. इंजिनच्या व्हायव्हात सरांनी विचारलं, पिस्टन ॲल्युमिनियमचा का करतात? हलका असतो म्हणून, असं मी ठोकून दिलं. मग हे सुरुवातीला कोणाला सुचलं, यावर मात्र माझी विकेट पडली. त्या दिवशी मी आयुष्यात प्रथमच परीक्षेचं टेन्शन नसताना लायब्ररीत गेलो आणि तिथे मला वॉल्टर ओवेन बेंटले भेटले. सगळं जग त्यांना डब्ल्यू. ओ. म्हणायचं, म्हणून मीही तेच म्हणतो.

डब्ल्यू. ओ. यांचा जन्म 1888 चा, लंडनचा. नऊ भावंडांत ते शेंडेफळ. वेड मोटारींचं नाही, तर रेल्वेच्या इंजिनांचं! सोळाव्या वर्षी शाळा सोडून ते डॉनकॅस्टरच्या ग्रेट नॉर्दर्न रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस म्हणून लागले. पाच वर्षं कास्टिंग, मशिनिंग, फिटिंग सगळं हाताने केलं. शेवटी शेवटी ते एक्स्प्रेस गाड्यांवर फायरमनचं काम करायचे. लंडन ते लीड्स आणि परत म्हणजे सुमारे 640 किमी, आणि दिवसाला जवळजवळ सात टन कोळसा फावड्याने भट्टीत! आपण वर्कशॉपमध्ये एक जॉब फाईल करून हात दुखतो म्हणून बसतो, ते सहज आठवलं. रेल्वेच्या इंजिनाने किती मैल कापले यावरून कोणी त्याला भंगारात काढत नाही. ठरावीक मैलांनंतर ते शेडमध्ये घेतात, झिजलेले भाग बदलतात आणि पुन्हा रुळावर सोडतात. मला वाटतं, डब्ल्यू. ओ. यांची इंजिनाकडे बघायची नजर तिथेच तयार झाली असणार.

रेल्वेत पुढे पैसा नाही हे बघून त्यांनी 1910 मध्ये ती सोडली आणि लंडनच्या एका टॅक्सी कंपनीत नोकरी धरली. 250 युनिक टॅक्सींचा मेंटेनन्स त्यांच्याकडे होता. टॅक्सी म्हणजे दिवसभर थांब-चाल, आणि इंजिनाची पर्वा कोणाला? शिवाय टॅक्सीवाले मीटरमध्ये ज्या करामती करायचे, त्या बघून डब्ल्यू. ओ. थक्क व्हायचे म्हणे. हे वाचलं आणि मला माझी बाईक आठवली! म्हणजे मीटरशी खेळ करण्याची ही परंपरा शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे.

1912 मध्ये भावाबरोबर त्यांनी डी. एफ. पी. या फ्रेंच गाड्या विकायला घेतल्या. पुढच्या वर्षी फ्रान्समधल्या कारखान्यात गेले असताना त्यांना टेबलावर पिस्टनच्या आकाराचा एक पेपरवेट दिसला, ॲल्युमिनियमचा. बाकीच्यांसाठी ते शोभेचं खेळणं होतं, पण यांच्या डोक्यात चक्र सुरू झालं. त्या काळी पिस्टन ओतीव लोखंडाचे असत. ॲल्युमिनियम वितळेल, फुगून अडकेल, अशी सगळ्यांना भीती. डब्ल्यू. ओ. यांनी 88 टक्के ॲल्युमिनियम आणि 12 टक्के तांबं असं मिश्रण घेऊन पिस्टन ओतवले. आता सरांच्या प्रश्नाचं पूर्ण उत्तर. पिस्टन दर स्ट्रोकला थांबतो आणि उलटा फिरतो. त्याचा इनर्शिया फोर्स वस्तुमानाच्या पटीत आणि आरपीएमच्या वर्गाच्या पटीत वाढतो. पिस्टन हलका झाला की कनेक्टिंग रॉड आणि बेअरिंगवरचा मार कमी होतो. वर ॲल्युमिनियम उष्णता लवकर वाहून नेतं, त्यामुळे पिस्टनचा माथा थंड राहतो आणि कॉम्प्रेशन वाढवता येतं. ताकद आणि आयुष्य, दोन्ही एकाच बदलात!

पहिलं महायुद्ध सुरू झाल्यावर हे गुपित त्यांनी गल्ल्यात न ठेवता नौदलाच्या विमान शाखेला देऊन टाकलं. विमानांची क्लेर्जे रोटरी इंजिनं तापून सिलिंडर वाकडे व्हायचे. डब्ल्यू. ओ. यांनी ॲल्युमिनियमचे सिलिंडर आणि आत लोखंडी लायनर अशी रचना करून बी. आर. 1 हे इंजिन दिलं. ते सॉपविथ कॅमल विमानांवर बसलं. इंजिन बंद पडलं तर मेस्त्रीकडे नाही, सरळ खाली जायचं! टिकाऊपणा म्हणजे काय, ते तिथे कळत असेल.

1919 मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. त्याच वर्षी फ्लूच्या साथीत त्यांची पत्नी लिओनी गेली. तरी ऑक्टोबरमध्ये पहिलं 3 लिटर इंजिन सुरू झालं आणि 1921 पासून गाड्या विकल्या जाऊ लागल्या. 80 मिमी बोअर, 149 मिमी स्ट्रोक, चार सिलिंडर, प्रत्येकी चार व्हॉल्व्ह आणि दोन प्लग, क्रँकशाफ्टला पाच मेन बेअरिंग. चासीला पाच वर्षांची गॅरंटी! स्पोर्ट्स कार म्हणजे दोन सीझनचा खेळ, असं मानणाऱ्यांना हे उत्तर होतं.

ल मान्सची 24 तासांची रेस आधी त्यांना वेडेपणा वाटली होती. पण बेंटलेने ती 1924 ला आणि मग 1927 ते 1930 सलग जिंकली. जास्त ताकद हवी तर डब्ल्यू. ओ. इंजिनच मोठं करायचे. सुपरचार्जर लावून त्याच इंजिनाला पिळणं त्यांना अजिबात पसंत नव्हतं. टिम बर्किनने त्यांचं न ऐकता सुपरचार्जरवाल्या गाड्या उतरवल्याच. 1930 ला त्या शर्यत पूर्ण करू शकल्या नाहीत, आणि साध्या 6½ लिटर स्पीड सिक्स पहिल्या-दुसऱ्या आल्या. जिंकलेली गाडी आदल्या वर्षी जिंकलेलीच होती. म्हणजे सेकंडहँडच की!

एवढं असूनही 1931 मध्ये मंदीत कंपनी बुडाली. नेपियर कंपनी घेणार असं वाटत असताना रोल्स-रॉइसने जास्त बोली लावली. गाडीबरोबर डब्ल्यू. ओ. यांचं नावही विकलं गेलं. 1935 मध्ये ते लगोंडा कंपनीत गेले, तिथे व्ही-12 केलं आणि नंतर 2.6 लिटरचं सहा सिलिंडर इंजिन, जे पुढे ॲस्टन मार्टिनच्या डीबी 2 मध्ये बसलं. 1971 मध्ये, वयाच्या 82 व्या वर्षी ते गेले.

आमच्या रूमवर जुन्या स्पोर्ट्स कारचा विषय रोज निघतो. लाख मैल पळालेलं इंजिन म्हणजे भंगार, असं एक पार्टनर छातीठोक सांगतो. आता माझ्याकडे त्याला उत्तर आहे. डब्ल्यू. ओ. यांच्या शेकडो गाड्या आजही रस्त्यावर पळतात. त्यातल्या कित्येकांचं बोअर, बेअरिंग, पिस्टन पुन्हा पुन्हा झालंय. म्हणून मैल विचारू नका, कामाची बिलं विचारा. इंजिन गरम झाल्यावर ऑईल प्रेशर बघा. प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा, आकडे एकमेकांच्या जवळ हवेत. 3 लिटरमध्ये हेड आणि ब्लॉक एकाच ओतकामात आहेत. त्यामुळे हेड गॅस्केट उडायची भीती नाही, पण व्हॉल्व्ह घासायला अख्खा ब्लॉक उचलावा लागतो. तो कधी उचलला, त्याला तडा आहे का, वॉटर जॅकेट गंजलंय का, हे बघायलाच हवं. वीस वर्षं शेडमध्ये पडून राहिलेली कमी मैलांची गाडी रोज पळणाऱ्या गाडीपेक्षा जास्त खर्चात पाडू शकते. आणि इंजिन पुन्हा बांधायचा खर्च किमतीत धरूनच सौदा करा.

मित्रांनो, तसली गाडी माझ्या नशिबात कधी येईल माहीत नाही. माझ्या बाईकला सध्या ओव्हरसाईज पिस्टन आहे, ॲल्युमिनियमचा. ऑईल वेळेवर बदलतो, तारीख आणि किलोमीटर वहीत लिहितो. कधी विकली, तर ती वहीसुद्धा गाडीबरोबर देणार आहे. घेणाराही कोणाच्या तरी बाबांच्याच पैशांनी घेणार ना!