कराची ते जुहू : सव्वासात तास

कराची ते मुंबई हे हवाई अंतर सरळ रेषेत सुमारे ८७५ किलोमीटर. जेट विमानाला त्यासाठी फार तर दीड तास पुरतो. जहांगीर रतनजी दादाभॉय टाटा यांना १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सव्वासात तास लागले, आणि त्याच दिवशी भारतीय नागरी विमानसेवेचा जन्म झाला.

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ चा, पॅरिसमधला. आई फ्रेंच. फ्रान्सच्या किनाऱ्यावरील आर्देलो येथे सुटी घालवताना शेजारी घर होते ते इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणाऱ्या लुई ब्लेरिओ यांचे. विमानाचे वेड लागले ते तिथेच. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिलाच परवाना होता.

पुढच्याच वर्षी आगाखान पारितोषिकासाठी इंग्लंड आणि भारत यांदरम्यान एकट्याने उड्डाण करण्याची शर्यत लागली. जेआरडी कराचीहून निघाले, तर अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. इजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. स्पार्क प्लगअभावी अस्पी अडकून पडले होते. जेआरडींनी आपल्याजवळचा जादा प्लग त्यांना देऊन टाकला, आणि शर्यत काही तासांनी गमावली. हे अस्पी पुढे भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले.

लंडनहून विमानाने येणारी टपाल कराचीपर्यंतच पोहोचत असे. तिथून पुढे रेल्वे. हा तुटलेला दुवा जोडण्याची कल्पना नेव्हिल व्हिन्सेंट या ब्रिटिश वैमानिकाची. सर दोराबजी टाटांची संमती मिळाली. त्या ऑक्टोबरच्या सकाळी ६.३५ वाजता एक इंजिनाचे 'पस मॉथ' विमान घेऊन जेआरडींनी कराचीच्या ड्रिग रोड धावपट्टीवरून उड्डाण केले. ताशी वेग साधारण १६० किलोमीटर. वाट अहमदाबादमार्गे असल्याने अंतर हजार किलोमीटरच्या पुढे गेले. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून आले होते! दुपारी १.५० वाजता विमान जुहूच्या चिखलमातीवर उतरले. पुढचा मद्रासपर्यंतचा टप्पा व्हिन्सेंट यांनी उडवला. पावसाळ्यात जुहू पाण्याखाली जाई, तेव्हा मुक्काम पुण्याला हलवावा लागे. तरीही पहिल्या वर्षी वेळापत्रक एकदाही चुकले नाही, ही गोष्ट आजच्या प्रवाशाला खरी वाटणार नाही.

टपालाच्या या छोट्या उद्योगातून १९४६ मध्ये एअर इंडिया उभी राहिली आणि ८ जून १९४८ रोजी तिचे विमान मुंबईहून लंडनला झेपावले. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झाले. जेआरडींना ते पसंत नव्हते. पण अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले, आणि पडद्याच्या रंगापासून खानपानापर्यंत सारे जातीने पाहिले. १९७८ मध्ये मोरारजी देसाई सरकारने त्यांना त्या पदावरून दूर केले. पंचवीस वर्षांच्या सेवेची ती परतफेड अशोभनीयच होती.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, ते पुन्हा कराचीला गेले. यावेळी विमान 'लेपर्ड मॉथ', तेही जुनेच. शेजारी कोणी नाही, वाट तीच. अहमदाबादला थांबून दुपारनंतर ते जुहूला उतरले. १९९२ मध्ये त्यांना 'भारतरत्न' मिळाले आणि २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा टाटांकडे आली. एप्रिल २०२५ मध्ये मात्र भारत आणि पाकिस्तानने परस्परांच्या विमानांना आपापले आकाश बंद केले.