बांबूच्या कामट्यांवर जंगल मोजणारा माणूस : डिट्रिख ब्रँडिस

जंगलाच्या हद्दीवरून जाताना राखीव वनाची पाटी सगळ्यांनीच पाहिलेली असते. पण राखीव, संरक्षित हे प्रकार आले कुठून? त्यासाठी दीडशे वर्षं मागं, डिट्रिख ब्रँडिस नावाच्या जर्मन माणसापर्यंत जावं लागतं.

ब्रँडिस यांचा जन्म ३१ मार्च १८२४ रोजी जर्मनीतल्या बॉन शहरात झाला. ते वनस्पतिशास्त्र शिकले आणि तिथल्याच विद्यापीठात शिकवू लागले. १८५६ मध्ये इंग्रज सरकारनं ब्रह्मदेशातल्या पेगू भागातली सागवानाची जंगलं त्यांच्या हाती सोपवली. जहाजं बांधायला सागवान लागायचं आणि व्यापारी हाताला येईल ते झाड तोडत होते.

जंगलात किती झाडं उरलीत, हेच कुणाला माहीत नव्हतं. ब्रँडिस हत्तीवर बसून निघाले. डाव्या हातात बांबूच्या चार कामट्या, उजव्या हातात चाकू. खोडाच्या जाडीप्रमाणे झाडांचे चार गट केलेले, प्रत्येक गटाची एक कामटी. सागाचं झाड दिसलं की त्या कामटीवर खाच पाडायची. एवढ्या साध्या हिशेबावर त्यांनी ठरवलं की दरवर्षी जेवढी झाडं वाढून तोडणीजोगी होतात, तेवढीच तोडायची. लाकूड-व्यापाऱ्यांनी जोरात विरोध केला, पण ब्रँडिस हटले नाहीत.

१८६४ मध्ये ते हिंदुस्थानच्या वन खात्याचे पहिले मुख्य अधिकारी झाले. मग देशभर हिंडताना त्यांनी एक गोष्ट पक्की मांडली. जंगल म्हणजे सगळीकडे एकसारखी झाडी नव्हे. पाऊस किती पडतो आणि कोरडे महिने किती, यावर जंगलाचा प्रकार ठरतो.

हे आपल्याकडेही दिसतं. आंबोली, महाबळेश्वरच्या धो-धो पावसात जांभूळ, अंजनीचं सदाहरित जंगल. चंद्रपूर-गडचिरोलीकडे साग, ऐन, मोह, तेंदू. उन्हाळ्याच्या तोंडाला पानं गाळणारं. सोलापूर-अहिल्यानगरच्या कमी पावसाच्या पट्ट्यात बोर, खैर, हिवर आणि गवताचे माळ. कोकणच्या खाड्यांत तर पावसापेक्षा भरतीचं खारं पाणी महत्त्वाचं, म्हणून तिथं कांदळवन. माळाला पडीक म्हणायचं कारण नाही, ते त्या पावसाचं हक्काचं रूप आहे. पुढं १९३६ मध्ये चॅम्पियन यांनी भारतातल्या वनप्रकारांची सविस्तर वर्गवारी केली, आणि १९६८ च्या सुधारित यादीत १६ मुख्य गट आले.

ब्रँडिस यांनी देवरायांचीही दखल घेतली. कूर्ग, राजपुताना अशा भागांत देवाच्या नावानं राखलेली झाडी पाहून त्यांना कळलं की जंगल राखायची रीत लोकांकडे आधीपासून आहे.

म्हणूनच १८७८ च्या वन कायद्याच्या वेळी त्यांचा आग्रह होता की सरकारनं मोजकंच जंगल घ्यावं आणि गावांसाठी वेगळी ग्रामवनं ठेवावीत. दुसरा पक्ष बेडन-पॉवेल यांचा. सगळं जंगल सरकारचं, लोकांना मिळते ती फक्त सवलत, असं त्यांचं म्हणणं. जिंकला तो दुसरा पक्ष. कायद्यात राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे तीन प्रकार आले खरे, पण ग्रामवन बहुतेक कागदावरच राहिलं. सरपण, चराई, मोहफुलं यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या जंगलात जाणारा माणूस आपल्याच शिवारात गुन्हेगार ठरू लागला.

ब्रँडिस काही गावकऱ्यांचे पुढारी नव्हते. ते इंग्रज सरकारचे नोकर होते, सागवान सरकारसाठीच राखत होते. पण गावाला वगळून जंगल टिकणार नाही, हे त्यांना उमगलं होतं.

१८८३ मध्ये ते निवृत्त झाले. ऐंशी ओलांडल्यावरही भारतातल्या झाडांवर मोठा ग्रंथ लिहीत होते. तो १९०६ मध्ये निघाला आणि पुढच्याच वर्षी, २८ मे १९०७ रोजी, बॉनमध्ये त्यांचं निधन झालं.

त्यांची हरलेली बाजू कायद्यात नीट यायला २००६ चा वनहक्क कायदा उजाडावा लागला. त्याच कायद्याखाली २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला आपल्या जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. दाव्यासाठी ग्रामसभेला आपलं जंगल नीट माहीत असावं लागतं: हद्द कुठवर, झाडं कोणती, कोणत्या महिन्यात काय मिळतं. ब्रँडिस यांनीही सुरुवात तिथूनच केली होती, कामटीवर एक-एक खाच पाडत.