फुटबॉलपटु माथियास सिंडेलार

खेळाडूची कीर्ति बहुधा अल्पायुषी असते. ज्याच्या नांवानें आज हजारों लोक टाळ्या पिटतात, त्याचे पाय दहा-पंधरा वर्षांत थकतात. नवे गडी पुढें येतात आणि जुनें नांव हळूहळू विस्मृतींत जातें. तथापि मृत्यूला कित्येक पिढ्या लोटल्यावरही ज्याची आठवण लोक काढतात, असा एखादा खेळाडू क्वचित् होऊन जातो. ऑस्ट्रिया देशाचा माथियास सिंडेलार हा अशांपैकीं एक होय. त्याचें अल्पचरित्र आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सादर करीत आहों. मैदानावरील परीक्षेंत हा मनुष्य पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाला; परंतु आयुष्याच्या अखेरीस त्याला मैदानाबाहेर दुसरी एक परीक्षा द्यावी लागली, व ती पहिलीहून पुष्कळच कठीण होती. दोहोंची हकीकत जशी घडली तशी सांगावी, एवढाच आमचा हेतु आहे.

सिंडेलारचा जन्म ता. १० फेब्रुवारी १९०३ रोजीं मोराव्हिया प्रांतांतील कोझ्लोव्ह या खेडेगांवीं झाला. हा प्रांत त्या काळीं ऑस्ट्रिया-हंगेरीच्या विस्तीर्ण साम्राज्यांत मोडत असे. आज तो चेक प्रजासत्ताकांत आहे. बाप गवंडीकाम करी. गांवांत पोट भरेना, म्हणून माथियास अगदीं लहान असतांनाच हें कुटुंब राजधानी व्हिएन्ना येथें आलें आणि फेव्होरिटन नांवाच्या मजुरांच्या वस्तींत राहूं लागलें. या बाजूस विटांच्या मोठमोठ्या भट्ट्या होत्या, व त्यांवर राबणारे पुष्कळसे मजूर सिंडेलारच्या घरच्यांप्रमाणेंच चेक भाषा बोलणारे होते. त्यांच्या मुलांना खेळावयास नीटसें मैदान नव्हतें आणि चेंडू विकत घेण्यास पैसा नव्हता. तीं चिंध्यांचा गोळा बांधीत आणि रस्त्यांत किंवा ओसाड पडलेल्या जागेंत त्याच्यामागें धांवत. असला चेंडू आमच्या वाचकांपैकीं अनेकांच्या परिचयाचा असेल. तो नीट उसळत नाहीं व सरळ घरंगळत नाहीं. म्हणून ज्याला तो काबूंत ठेवतां आला, त्याला पुढें चामड्याच्या चेंडूचें भय उरत नाहीं.

१९१४ सालीं पहिलें महायुद्ध सुरू झालें. सिंडेलारच्या वडिलांना सैन्यांत जावें लागलें, व १९१७ सालीं इटलीच्या बाजूस इसोन्झो नदीच्या आघाडीवर ते मारले गेले. माथियास तेव्हां चौदा वर्षांचा होता. घरांत तीन मुली आणि हा एकुलता एक मुलगा. आईनें लोकांचे कपडे धुऊन संसार चालविला. मुलानें लोखंडकामाच्या कारागिराकडे उमेदवारी पत्करली, आणि फावल्या वेळीं खेळणें चालू ठेविलें. १९१८ सालीं त्याच वस्तींतील हेर्था नांवाच्या क्लबानें त्याला आपल्या लहान मुलांच्या संघांत घेतलें.

पुढें पांच वर्षांनीं त्याच्यावर एक मोठें संकट आलें. १९२३ सालीं पोहण्याच्या तलावावर तो पाय घसरून पडला व त्याच्या गुडघ्याला जबर इजा झाली. असल्या दुखापतीनें त्या काळीं खेळाडूचा खेळ बहुधा कायमचा संपे. परंतु हान्स श्पिट्झी या शस्त्रवैद्यांनीं त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया केली व ती यशस्वी झाली. तेव्हांपासून सिंडेलार गुडघ्यास पट्टी बांधून खेळूं लागला, आणि त्याच्या खेळाची तऱ्हाही पालटली. अंगानें तो मुळांतच किरकोळ. त्यांत आतां गुडघा नाजूक. धिप्पाड प्रतिस्पर्ध्याशीं टक्कर घेणें त्याला परवडण्यासारखें नव्हतें, म्हणून त्यानें टक्कर चुकविण्याची विद्याच हस्तगत केली. डाव्या बाजूस जातो असें भासवून तो उजवीकडे निसटे. समोरचा गडी अंगावर येण्यापूर्वींच चेंडू सोबत्याकडे देऊन आपण मोकळ्या जागेंत जाई. गर्दीच्या फटींतून तो वाऱ्यावरच्या कागदासारखा अलगद निघून जातो असें पाहून व्हिएन्नाच्या लोकांनीं त्याला कागदी माणूस असें टोपणनांव दिलें, आणि तें त्याला जन्मभर चिकटलें.

१९२४ सालीं तो शहरांतील एका मोठ्या क्लबांत गेला. या क्लबाला १९२६ पासून ऑस्ट्रिया व्हिएन्ना असें नांव पडलें. हा सुशिक्षित मध्यम वर्गाचा क्लब होता. त्याच्या चालकांत व चाहत्यांत ज्यू लोकांचा भरणा पुष्कळ असे. डॉक्टर एमानुएल श्वार्ट्झ हे ज्यू गृहस्थ पुढें त्याचे अध्यक्ष झाले. विटभट्टीच्या वस्तींत वाढलेला हा तरुण अशा मंडळींत आला व मृत्यूपर्यंत त्याच क्लबाकडून खेळला.

याच सुमारास ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय संघाचीं सूत्रें ह्यूगो माइझल यांच्या हातीं होतीं. हे एका ज्यू कुटुंबांतले, प्रथम बँकेंत नोकरी केलेले, अनेक भाषा जाणणारे गृहस्थ. यांनींच १९१२ सालीं जिमी होगन या इंग्रज शिक्षकाला व्हिएन्ना येथें आणून, जमिनीलगत चेंडू एकमेकांकडे देत पुढें सरकण्याची पद्धति तेथें रुजविली होती. सिंडेलारचा खेळ या पद्धतीला पूरक असूनही मध्यंतरीं कांहीं काळ त्यांनीं त्याला संघाबाहेर ठेविलें. ता. १६ मे १९३१ रोजीं स्कॉटलंडविरुद्ध त्याला पुन्हां बोलावणें आलें आणि ऑस्ट्रियानें तो सामना ५-० असा जिंकला. त्याच महिन्यांत बर्लिन येथें जर्मनीचा ६-० असा पराभव झाला. तेथून पुढें दीड वर्ष हा संघ अजिंक्य राहिला, व युरोपांतील वृत्तपत्रें त्याला अद्भुत संघ म्हणूं लागलीं. ता. ७ डिसेंबर १९३२ रोजीं लंडन येथें इंग्लंडनें त्याला ४-३ असें हरविलें; तरी त्या पराभवानेंही त्याची कीर्ति वाढलीच.

आतां आम्ही अशा एका स्पर्धेकडे वळतों, जिच्यांत सिंडेलारच्या खेळाचा कळस दिसून आला. १९२४ सालीं ऑस्ट्रियांत, व पाठोपाठ शेजारच्या देशांत, खेळाडूंना उघडपणें वेतन देण्याची प्रथा सुरू झाली. वेतन द्यावयाचें तर पैसा हवा, आणि केवळ आपल्या शहरांतील सामन्यांवर तो मिळेना. म्हणून माइझल यांनीं पुढाकार घेऊन १९२७ सालीं मध्य युरोपांतील देशांच्या प्रमुख क्लबांसाठीं एक चषक सुरू केला. जर्मन भाषेंतील मध्य युरोप या नांवाचें संक्षिप्त रूप करून त्याला मित्रोपा चषक म्हणूं लागले. ही स्पर्धा बाद पद्धतीची होती. प्रत्येक जोडीनें एकेक सामना एकमेकांच्या गांवीं खेळावयाचा, दोन्ही सामन्यांतील गोलांची बेरीज करावयाची, व जो कमी पडेल त्यानें घरीं जावयाचें. मित्रोपा हें नांव ऐकून आमच्या कानांस मैत्रीची आठवण होते. परंतु प्रत्यक्षांत तेथें मैत्री बेताचीच होती. १९३२ सालीं उपांत्य फेरींतील एका जोडीच्या सामन्यांत एवढा दंगा झाला कीं दोन्ही संघ बाद करण्यांत आले, व दुसऱ्या बाजूनें आलेल्या बोलोन्या संघास अंतिम सामना न खेळतांच चषक मिळाला.

१९३३ सालच्या मोसमांत ऑस्ट्रिया, हंगेरी, चेकोस्लोव्हाकिया आणि इटली या चार देशांचे प्रत्येकीं दोन असे आठ क्लब उतरले. ऑस्ट्रिया व्हिएन्नाची गांठ प्रथम प्राग येथील स्लाविया संघाशीं पडली. पहिला सामना १-३ असा गमावून संघ घरीं परतला. दुसरा त्यानें ३-० असा जिंकला, आणि ४-३ अशा बेरजेनें तो कसाबसा तरला. उपांत्य फेरींत ट्यूरिनच्या युव्हेन्टस संघाशीं सामना होता. या संघानें १९३१ ते १९३५ अशीं लागोपाठ पांच वर्षें इटलीचें विजेतेपद मिळविलें, यावरून त्याच्या बळाची कल्पना येईल. व्हिएन्ना येथें तो ३-० असा हरला व आपल्या घरीं त्याला १-१ अशा बरोबरीवर समाधान मानावें लागलें.

अंतिम फेरींत मिलान शहराचा अम्ब्रोसियाना-इंटर संघ उभा राहिला. जुसेप्पे मेआझ्झा हा इटलीचा नामांकित तरुण त्याच्या आघाडीस होता. सप्टेंबरच्या आरंभीं मिलान येथें इटालियन संघानें २-१ असा विजय मिळविला. थोड्याच दिवसांनीं व्हिएन्ना येथें दुसरा सामना झाला. त्यांत सिंडेलारनें दोन गोल केले, तेव्हां बेरीज ३-२ अशी यजमानांच्या बाजूस झुकली. इतक्यांत मेआझ्झानें एक गोल परतविला, आणि बेरीज ३-३ अशी सारखी झाली. खेळ संपण्यास अवघीं कांहीं मिनिटें राहिलीं असतां सिंडेलारनें आपला तिसरा गोल केला. सामना ३-१, बेरीज ४-३, आणि चषक व्हिएन्नाचा. त्या दिवशीं त्याच्या संघाचे तिन्ही गोल त्या पट्टी बांधलेल्या पायाच्या माणसानें केले होते.

पुढील वर्षीं जागतिक स्पर्धेंत ऑस्ट्रियाचा संघ उपांत्य फेरीपर्यंत पोंचला व मिलान येथें इटलीकडून ०-१ असा हरला. १९३६ सालीं ऑस्ट्रिया व्हिएन्नानें प्रागच्या स्पार्टा संघावर १-० अशा बेरजेनें मात करून मित्रोपा चषक दुसऱ्यांदा मिळविला. १९३७ च्या फेब्रुवारींत माइझल निवर्तले. त्यांचा देशही फार दिवस टिकावयाचा नव्हता.

मार्च १९३८ मध्यें हिटलरचें सैन्य व्हिएन्ना येथें शिरलें आणि ऑस्ट्रिया हें राष्ट्र जर्मनीनें गिळून टाकलें. राष्ट्रीय संघ संपला. खेळाडूंचें वेतन बंद झालें. त्या वर्षीं मित्रोपा चषकांत ऑस्ट्रियाचा एकही क्लब नव्हता. क्लबांतून ज्यू चालकांची हकालपट्टी झाली, व तींत डॉक्टर श्वार्ट्झही गेले. त्यांच्याशीं कोणीं बोलूं नये, त्यांना नमस्कारही करूं नये, असा नव्या अधिकाऱ्यांचा हुकूम होता. सिंडेलारनें मात्र, आपण त्यांना पूर्वींप्रमाणेंच नमस्कार करीत राहूं, असें त्यांना सांगितलें, अशी हकीकत प्रसिद्ध आहे. ता. ३ एप्रिल १९३८ रोजीं जर्मनीच्या संघाशीं ऑस्ट्रियाच्या खेळाडूंचा एक अखेरचा सामना भरविण्यांत आला. त्याभोंवतीं पुढें अनेक दंतकथा जमल्या. परंतु एवढें निश्चित कीं ऑस्ट्रियाच्या खेळाडूंनीं तो २-० असा जिंकला, आणि पहिला गोल सिंडेलारचा होता. नंतर त्याला जर्मनीच्या राष्ट्रीय संघांत बोलावणें आलें. वय झालें व गुडघा साथ देत नाहीं, असें सांगून त्यानें तें नाकारलें. त्या संघाकडून तो एकदांही खेळला नाहीं.

एवढेंच सांगून आम्ही लेखणी खालीं ठेविली असती, तर चरित्र फार सुंदर दिसलें असतें. परंतु तें पूर्ण झालें नसतें. त्याच वर्षीं सिंडेलारनें आपल्या जुन्या वस्तींत एक कॉफीगृह विकत घेतलें. त्याचा मालक लेओपोल्ड ड्रिल हा ज्यू होता. ज्यू लोकांचीं दुकानें व धंदे काढून घेऊन इतरांच्या हवालीं करण्याचें धोरण नव्या राजवटीनें चालविलें होतें, आणि ही खरेदी त्याच धोरणाखालीं झाली. खेळाचें वेतन बुडालेल्या माणसाला उपजीविकेचें साधन हवें होतें, हें आम्ही जाणतों. किंमत किती दिली यावर पुढें वादही झाले. पण विकणाऱ्याला नाहीं म्हणण्याची मुभा नव्हती, ही गोष्ट कोणत्याही किंमतीनें झांकली जात नाहीं. ड्रिल पुढें टेरेझियेनश्टाटच्या छावणींत डांबला गेला, व १९४३ सालीं तेथेंच मरण पावला. याच काळांत सिंडेलारचा सोबती व संघनायक वाल्टर नाउश यानें आपल्या ज्यू पत्नीस सोडण्याचें नाकारलें, आणि तिच्यासह देश सोडून तो स्वित्झर्लंडला गेला. त्यानें मान, घर व गांव हीं सर्व गमावलीं. युद्धानंतर तो परत आला, आणि त्याच्याच मार्गदर्शनाखालीं १९५४ च्या जागतिक स्पर्धेंत ऑस्ट्रियानें तिसरें स्थान मिळविलें.

सिंडेलारला मात्र युद्धही पाहावयाचें नव्हतें. ता. २३ जानेवारी १९३९ रोजीं व्हिएन्ना येथील एका घरांत तो मृतावस्थेंत आढळला. जिच्याशीं त्याचा स्नेह होता त्या कामिला कास्टान्योला या बाईचाही त्याच प्रसंगीं अंत झाला. नादुरुस्त धुराड्यामुळें खोलींत विषारी वायु कोंडला, असा पोलिसांचा निष्कर्ष होता. लोकांत नाना तर्क चालले व ते अजूनही थांबलेले नाहींत. त्याचें वय अवघें पस्तीस वर्षांचें होतें. सुमारें १५,००० लोक त्याच्या अंत्ययात्रेस जमले. आज फेव्होरिटनमधील एका रस्त्याला त्याचें नांव आहे. मृत्यूनंतर साठांहून अधिक वर्षांनीं ड्रिलच्या कॉफीगृहाची हकीकत सर्वतोमुखीं झाली, तेव्हां त्याच्या कबरीचा सार्वजनिक मान कायम ठेवावा कीं काय, यावर त्याच शहरांत मोठी चर्चा झाली.

असें हें चरित्र आहे. अशक्त शरीर व मोडका गुडघा यांना शरण न जातां त्यांतूनच नवी कला निर्माण करणारा सिंडेलार आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य डोळ्यांपुढें ठेवावा. सत्ताधाऱ्यांनीं वाळीत टाकलेल्या वृद्ध अध्यक्षाला नमस्कार करणारा सिंडेलारही ठेवावा. परंतु त्याबरोबरच ड्रिलचें दुकान घेणारा सिंडेलारही विसरूं नये. कारण तो तोच मनुष्य आहे. मैदानावर पंच शिटी फुंकतो, रेषा आंखलेल्या असतात, आणि चूक कोणती हें सर्वांस दिसतें. संसारांत मात्र दुसऱ्याच्या संकटांतून आपला लाभ होण्याची वेळ येते, तेव्हां शिटी कोणी वाजवीत नाहीं. उलट कायदाच पाठीवर थाप देतो. अशा वेळीं थांबण्याची संवय लहानपणापासून अंगीं बाणवावी लागते, आणि ती बाणविण्याचें काम घरानें व शाळेनें मिळूनच करावयाचें आहे.