रूडोल्फ फिरखो

रूडोल्फ लुडविग कार्ल फिरखो (१३ ऑक्टोबर १८२१ – ५ सप्टेंबर १९०२) हे जर्मन वैद्य, विकृतिवैज्ञानिक, मानवशास्त्रज्ञ व राजकारणी होते. रोगाचे मूळ पेशींतील बिघाडात शोधणाऱ्या पेशीय विकृतिविज्ञानाचे ते संस्थापक मानले जातात. धमन्यांच्या भित्तींतील कॅल्शियमसंचयाविषयीची त्यांची निरीक्षणेही महत्त्वाची ठरली आहेत.

जीवन

फिरखो यांचा जन्म पोमेरेनिया प्रांतातील शिफेलबाइन (आताचे श्विडविन, पोलंड) येथे झाला. १८४३ मध्ये बर्लिन येथे वैद्यकाची पदवी घेतल्यावर ते शारिटे रुग्णालयात काम करू लागले. १८४८ मध्ये अप्पर सायलेशियातील टायफस ज्वराच्या साथीची पाहणी करून त्यांनी दारिद्र्य व शिक्षणाचा अभाव यांना साथीसाठी जबाबदार धरले. त्याच वर्षीच्या क्रांतीतील सहभागामुळे त्यांच्यावर सरकारची गैरमर्जी झाली आणि १८४९ मध्ये ते वुर्ट्सबुर्ग विद्यापीठात गेले. १८५६ मध्ये ते प्राध्यापक म्हणून बर्लिनला परतले. पुढे ते जर्मन संसदेचे सदस्य झाले. बर्लिनच्या भुयारी गटारयोजनेसाठीही त्यांनी प्रयत्न केले.

धमन्यांतील कॅल्शियम

हाडांचा नाश करणाऱ्या रोगांत मुक्त झालेले कॅल्शियम इतर अवयवांत साचते, असे फिरखो यांनी १८५५ मध्ये दाखवले. धमन्यांचा अभ्यास करताना त्यांनी क्षारांचा केवळ साठा आणि खरी अस्थिनिर्मिती यांत भेद केला. काही धमन्यांच्या भित्तींत प्रत्यक्ष हाडासारखी ऊती तयार होते, असे त्यांचे मत होते. त्यानंतर दीर्घकाळ हा संचय वार्धक्यातील निष्क्रिय प्रक्रिया समजला गेला.

१९९३ मध्ये हाडांच्या निर्मितीस चालना देणारे बीएमपी-२ हे प्रथिन मानवी धमन्यांतील कॅल्शियमयुक्त विकृतींत आढळले. १९९७ मध्ये, मॅट्रिक्स ग्ला प्रथिन नसलेल्या उंदरांच्या धमन्या कॅल्शियमने कठीण होऊन फुटतात व ते दोन महिन्यांत मरतात, असे दिसून आले. हे प्रथिन कॅल्शियमसंचय रोखते. मात्र ते कार्यक्षम होण्यासाठी के जीवनसत्त्व लागते. अशा संशोधनामुळे हा संचय पेशी व प्रथिनांच्या नियंत्रणाखालील सक्रिय प्रक्रिया असल्याचे स्पष्ट झाले आणि फिरखो यांच्या निरीक्षणांना नवे महत्त्व आले.

मर्यादा व मृत्यू

रोगजंतू हेच रोगाचे मूळ कारण होय, हा सिद्धांत फिरखो यांनी पूर्णपणे स्वीकारला नाही. निअँडरथल मानवाच्या अवशेषांतील वैशिष्ट्ये रोगजन्य असल्याचे त्यांचे मतही चुकीचे ठरले. जानेवारी १९०२ मध्ये ट्राममधून उतरताना पडून त्यांच्या मांडीचे हाड मोडले. त्यानंतर काही महिन्यांनी बर्लिन येथे त्यांचे निधन झाले.