पंडिता रमाबाई

पंडिता रमाबाई (२३ एप्रिल १८५८ – ५ एप्रिल १९२२) या संस्कृत विदुषी, लेखिका आणि शारदा सदन व मुक्ती मिशन या संस्थांच्या संस्थापक होत्या. विधवांना व निराधार मुलींना आश्रय देणाऱ्या संस्था त्यांच्या काळातही होत्या. आश्रयाबरोबर पोट भरणारे कसब हाती असले पाहिजे, हा आग्रह मात्र रमाबाईंनी शेवटपर्यंत धरला.

प्रारंभिक जीवन

रमाबाईंचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकमताची पर्वा न करता पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी ते मुलीला दिले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराणे सांगत हिंडत असे. १८७० च्या दशकातील दुष्काळात आईवडील व थोरली बहीण काही महिन्यांच्या अंतराने दगावली. पुराणकथनाखेरीज उपजीविकेची दुसरी विद्या घरात कोणालाही नव्हती. अंगमेहनतीचे काम कोणी शिकले नव्हते, आणि भीक मागणे प्रतिष्ठेच्या आड येत होते. हजारो श्लोक मुखोद्गत असूनही उपाशी राहावे लागते, हा अनुभव रमाबाई विसरल्या नाहीत. त्यांच्या पुढील कार्याचे मूळ येथेच शोधावे लागते.

बंधू श्रीनिवास यांच्यासह त्या १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भावाचे निधन झाले. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांचा विवाह झाला, पण १८८२ मध्ये पतीही गेले. तान्ह्या मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. तेथे त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर तयार करण्याची मागणी केली.

परदेशगमन व शारदा सदन

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानासाठी त्या अमेरिकेत गेल्या आणि बालोद्यान शिक्षणपद्धतीचा अभ्यास करीत तेथेच राहिल्या. अमेरिकेवरील त्यांच्या प्रवासवर्णनात तेथील स्त्रियांच्या शिक्षणाचे व उद्योगांचे तपशीलवार चित्रण आहे. बॉस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे साहाय्य करण्याचे मान्य केले.

त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलले. आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही, असे ठरले होते. तथापि काही मुली रमाबाईंच्या प्रार्थनेस बसू लागल्या आणि १८९३ मध्ये वाद भडकला. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. विश्वासभंगाचा हा आक्षेप निराधार म्हणून बाजूला सारता येत नाही. परंतु त्याची झळ ज्या विधवांना लागली, त्यांच्यासाठी दुसरी दारे त्या वेळी फारशी उघडी नव्हती, हेही खरे.

केडगाव येथील उद्योग

अमेरिकेची मदत संपल्यावर सदन स्वतःच्या पायावर उभे राहावे, म्हणून रमाबाईंनी पुणे जिल्ह्यात केडगाव येथे शेतजमीन घेतली व फळबाग लावली. १८९६ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे ३०० मुली घेऊन परतल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना पुण्यात ठेवणे अशक्य झाले, तेव्हा केडगाव हेच मुक्तीचे स्थान बनले. १९०० च्या गुजरातमधील दुष्काळानंतर ही संख्या कितीतरी वाढली.

एवढ्या जणींना नुसते जेवू घालणेही कठीण होते. शेतीकाम, दुभती जनावरे, तेलाचा घाणा, माग, शिवण, भरतकाम, कपडे धुणे आणि पाव भाजणे अशी खाती उघडण्यात आली व ती मुलींच्याच हाती सोपवली गेली. शिकलेल्या मुली शिक्षिका वा परिचारिका होत. अक्षरांत फारशी गती नसलेलीलाही दुसरे काम शिकता येई. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून घेतल्यामुळे अंध स्त्रियांनाही शिकवण्याची सोय झाली.

या सर्वांत छापखान्याचे महत्त्व विशेष. खिळ्यांचे जुळारीकाम तोवर पुरुषांचे मानले जाई. देवनागरीत जोडाक्षरे व मात्रा यांमुळे खिळ्यांची घरे पुष्कळ असतात. जुळवलेला मजकूर उलटा वाचावा लागतो आणि एक वेलांटी चुकली तर ओळ पुन्हा उकलावी लागते. दुष्काळातून आलेल्या मुलींना हे काम शिकवले गेले. खिळे जुळवणे, यंत्रावर छापणे, फर्मे दुमडणे, बांधणी, सारे त्या करू लागल्या. संस्थेविषयीची चर्चा बहुधा धर्मांतराभोवतीच फिरत राहिल्याने तिची ही बाजू काहीशी झाकोळली गेली.

अखेरची वर्षे

१९१९ मध्ये रमाबाईंना कैसर-ए-हिंद पदक मिळाले. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबलचा सुबोध मराठी अनुवाद हाती घेतला होता. अल्पशिक्षित स्त्रीला तो वाचता यावा, अशी त्यांची दृष्टी होती. संस्थेची जबाबदारी पुढे जिच्यावर यायची, ती मनोरमा जुलै १९२१ मध्ये निवर्तली. त्यानंतर वर्षभराच्या आत, ५ एप्रिल १९२२ रोजी, केडगाव येथे रमाबाईंचे निधन झाले. त्यांचे भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे खिळे मुक्तीच्या छापखान्यातील स्त्रियांनीच जुळवले होते.