रोनाल्ड रॉस

सर रोनाल्ड रॉस (१३ मे १८५७, अल्मोडा – १६ सप्टेंबर १९३२, लंडन) हे हिवतापाचा प्रसार डासांमार्फत होतो हे दाखवून देणारे ब्रिटिश डॉक्टर होते. काव्य आणि संगीत यांची ओढ असलेले रॉस वडिलांच्या आग्रहाखातर वैद्यकाकडे वळले व १८८१ मध्ये इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले.

१८८३ मध्ये बंगलोर येथील त्यांच्या बंगल्यात डासांचा फार उपद्रव होता. खिडकीबाहेरच्या पिंपात अळ्या वळवळताना दिसताच त्यांनी ते उपडे केले. डास कमी झाले. इतरत्र साचलेले पाणीही ओतून द्यावे, ही त्यांची सूचना मात्र एका लष्करी अधिकाऱ्याने सृष्टिक्रमात ढवळाढवळ नको म्हणून फेटाळली. रॉस यांच्या पुढील कार्याचे बीज या क्षुल्लक वाटणाऱ्या प्रसंगात आहे.

१८९४ मध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी लंडनमध्ये त्यांना हिवतापाचे परजीवी दाखवले. पुढच्या वर्षी मुंबईस उतरताच, सामान सुटण्याचीही वाट न पाहता, रॉस हिवतापाचे रुग्ण शोधत रुग्णालयात गेले. त्यानंतरची दोन वर्षे भलत्याच जातींचे डास तपासण्यात गेली. त्यांत पट्टेरी एडिस डासही होते. डेंग्यू त्यांच्यामार्फत पसरतो, हे पुढे इतरांनी सिद्ध केले. अखेर ऑगस्ट १८९७ मध्ये सिकंदराबादेत हुसेन खान या रुग्णाने दर डासामागे एक आणा घेऊन ठिपकेदार पंखांच्या डासांना स्वतःस चावू दिले. २० ऑगस्टला अशा एका डासाच्या जठराच्या भित्तीत रॉस यांना परजीवी आढळला. या शोधाच्या कथेत हुसेन खान यांचे नाव सहसा येत नाही, हा अन्यायच होय.

लगेच झालेल्या बदलीमुळे काम थांबले. १८९८ मध्ये कलकत्त्यात त्यांनी पक्ष्यांच्या हिवतापाचा डासांतील संपूर्ण प्रवास उलगडला. मानवी हिवतापाबाबत तेच काम इटलीत ग्रासी यांनी केले. श्रेयावरून दोघांत कटू वाद झाला. १९०२ चे नोबेल पारितोषिक रॉस यांना मिळाले.

पश्चिम आफ्रिकेतील फ्रीटाउन येथे त्यांनी डबकी बुजवणारी, घरोघरची निरुपयोगी भांडी उचलणारी पथके उभारली. प्रत्येक डास मारण्याची गरज नाही, त्यांची संख्या ठरावीक मर्यादेखाली आणली की रोग ओसरतो, हे त्यांनी गणिताने मांडले. महाराष्ट्रात डेंग्यूविरुद्ध पाळला जाणारा आठवड्याचा ‘कोरडा दिवस’ याच विचाराशी जुळतो. पाणीटंचाईमुळे रांजण, टाक्या भरून ठेवाव्या लागणाऱ्या खानदेशातील घरांत तो पाळणे अर्थातच सोपे नाही.