फाशांचं गणित सोडवणारा डॉक्टर, ज्याला जुगारापायी बायकोचे दागिने गहाण टाकावे लागले

नाशिकहून मुंबईच्या दिशेने निघालं की हायवेला लागूनच त्रिरश्मी डोंगरावर पांडवलेणी दिसतात. खरं तर ही २४ लेणी बौद्ध भिक्खूंची, जवळपास दोन हजार वर्षं जुनी. पण लोकांनी नाव जोडलं ते पांडवांचं. फाशांच्या खेळात राज्य हरून वनवासाला गेलेल्या भावांचं.

फासे आपल्याकडे इतके जुने. पण कोणता डाव कितीला पडतो, याचा हिशोब नीट मांडणाऱ्या पहिल्या लोकांमध्ये नाव येतं ते इटलीच्या एका डॉक्टरचं, जेरोलामो कार्डानोचं.

कोण होता हा कार्डानो?

१५०१ साली पाव्हिया शहरात त्याचा जन्म झाला. आईवडिलांचं तेव्हा लग्न झालेलं नव्हतं. हा शिक्का त्याला आयुष्यभर नडला. पादुआत डॉक्टरकी शिकत असताना वडील वारले, हाती आलेले पैसे उडाले आणि पोरगा पत्ते आणि फाशांवर जगायला लागला.

डॉक्टर झाला, पण मिलानच्या वैद्यांच्या संघटनेने त्याच्या जन्माचं कारण पुढे करून दार बंद केलं. प्रॅक्टिस नाही म्हणून पुन्हा जुगार. शेवटी बायको लुचियाचे दागिने आणि घरातलं सामान गहाण पडलं, आणि कुटुंब मिलानच्या अनाथालयात पोहोचलं.

त्याने नेमकं काय शोधलं?

सगळे नशिबाला दोष देत होते तेव्हा कार्डानोने शक्यता मोजल्या. एका फाशाला ६ बाजू, दोन फाशांच्या मिळून ३६ जोड्या. त्यातल्या आपल्या कामाच्या किती, हे बघायचं. बेरीज २ येण्याची एकच जोडी. १२ चीही एकच. पण ७ येण्याच्या तब्बल ६.

आज लास व्हेगासच्या कॅसिनोत 'क्रॅप्स' खेळतात, तो याच ३६ जोड्यांवर चालतो. त्यातली सगळ्यात साधी बेट म्हणजे 'पास लाईन'. पहिल्याच फेकीला ७ किंवा ११ आले तर तुम्ही जिंकलात. २, ३ किंवा १२ आले तर हरलात. दुसरा कुठलाही आकडा आला तर तो ठरतो 'पॉइंट'. मग ७ पडायच्या आधी तोच आकडा पुन्हा पडला पाहिजे. यात कॅसिनोचा वाटा १०० रुपयांमागे साधारण १ रुपया ४१ पैसे.

दुसरी बेट 'एनी सेव्हन'. पुढच्या फेकीला ७ येणार, एवढंच सांगायचं. आलं तर एकास चार. ऐकायला भारी वाटतं ना?

हिशोब करा. ३६ वेळा शंभर-शंभर लावले. सरासरीने ६ वेळा जिंकून २४०० मिळाले, ३० वेळा हरून ३००० गेले. खिशातून ६०० कमी. म्हणजे शंभरामागे जवळपास १७ रुपये. एकास पाच दिले असते तर हिशोब बरोबरीत सुटला असता. कॅसिनोची कमाई त्या न दिलेल्या एका पटीत असते. फाशात खोट असावी लागत नाही.

पुढे काय झालं?

कार्डानोचे दिवस पालटले. १५३९ मध्ये त्याच संघटनेने त्याला आत घेतलं. १५४५ च्या 'आर्स मॅग्ना' या बीजगणिताच्या ग्रंथाने युरोपभर नाव झालं. १५५२ मध्ये एका आर्चबिशपच्या उपचारासाठी तो थेट स्कॉटलंडला गेला.

पण घर सावरलं नाही. बायकोला विष दिल्याच्या गुन्ह्यात १५६० मध्ये थोरल्या मुलाचा शिरच्छेद झाला. धाकटा जुगारी निघाला आणि बापाच्याच घरात चोरी करू लागला. १५७० मध्ये धर्मविरोधाच्या आरोपाखाली खुद्द कार्डानोला तुरुंग बघावा लागला. १५७६ मध्ये रोममध्ये तो गेला.

फाशांवरचं त्याचं पुस्तक छापून आलं १६६३ साली. तोवर पास्कल आणि फर्मा यांनी १६५४ मध्ये पत्रांमधून हेच गणित पुढे नेलं होतं, त्यामुळे श्रेय बरंचसं त्यांच्याकडे गेलं.

त्या पुस्तकात, जुगाऱ्याचा सगळ्यात मोठा फायदा मुळात न खेळण्यातच आहे, असं कार्डानोने नोंदवून ठेवलंय. ३६ जोड्या तोंडपाठ असलेल्या माणसाचा हा निष्कर्ष आहे, आणि त्यासाठी त्याने किंमतही मोजली होती.